तीस दिवसांची आठवण

श्रावणात विहिरीवरचा पंप गेला,
तांब्याच्या वायरीसकट,
आणि शारजाहून लेकीचा हुकूम आला:
बाबा, आता कॅमेरे. काही ऐकणार नाही.

म्हणून मी पणजीत, एल्विनोच्या दुकानात,
काचेखाली मांडलेले डोळे बघत उभा.
गोल डोळे, लांबुळके डोळे,
एक तर मान फिरवतो
भिंतीपलीकडच्या शेजारणीसारखी.

किती हवेत? चार की आठ?
वायरचे की वायफायचे?
रात्री रंगीत दिसायला हवं, की काळंपांढरं चालेल?
मी म्हणतो, आमच्या दिवाडीत रात्री रंग नसतोच,
तिवरांचं काळं असतं
आणि पाण्याचं त्याहून जरा कमी काळं.
एल्विनो हसतो. म्हणतो, तरी पाच मेगापिक्सेल घ्या,
चोराचं नाक ओळखू येईल.

नाक.
एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर दोर टाकला.
बेटावरची नाकं मला पाठ आहेत.
आमच्याकडे चोरालासुद्धा
वेळापत्रक बघून चोरी करावी लागे.
शेवटची फेरी चुकली की
चोरलेली कोंबडी मांडीवर घेऊन
उजाडेपर्यंत धक्क्यावर बसायचं.
कायतान बसला होता तसा एकदा.
पहाटे मी त्याला चहा दिला,
कोंबडीला पावाचा चुरा.

रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं, एल्विनो सांगतो,
मग जुन्यावर नवं चढतं.
मोठी डिस्क घेतलीत तर साठ.

माझ्याकडे अजून आहे
ब्याण्णव सालची एक पहाट.
पहिली फेरी. पैलतीर दिसेना इतकं धुकं.
विठू नार्वेकराची कुंदा, हातात कापडी पिशवी,
आणि दोन हात अंतर राखून
उगाच नदीकडे बघणारा एक तारवटी.
तिनं पदर तोंडाशी धरला होता,
पण पाय तिचेच होते, डाव्या करंगळीत जोडवं नाही, पट्टी.
मी दोर सोडला.
नऊ वाजता विठू आला, अनवाणी.
आमच्या कुंदाला बघितलंस?
मी म्हटलं, धुकं होतं.

हा धुक्यातपण बघतो, एल्विनो म्हणतो,
नि काही हललं की लगेच फोन वाजतो.

काही हललं की.
माड हलतो. माकडं येतात फणसावर.
पोदेर येतो भोंगा वाजवत.
आणि पहाटे, मागच्या वाटेनं,
अस्पेरांसा येते आमच्या विहिरीवर, दोन कळशा घेऊन.
तिच्या मुलानं बापाचं भांडण
बापाच्या घड्याळासारखं चावी देऊन चालू ठेवलंय;
त्याला वाटतं, घरातलं पाणी नळाचं.

दोन कॅमेरे घेतले.
एक फाटकावर, एक पडवीत.
बसवायला आलेला प्रज्योत शिडीवरून म्हणाला,
आणि विहिरीवर? चोरी तिथंच झाली ना?
मी म्हटलं, तिथवर वायर पोचत नाही.
पोचते की, त्यानं वेटोळं दाखवलं,
वीस मीटर उरली आहे.
नाही पोचत, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग वेटोळं खांद्यावर अडकवून
चहा मागितला.

पंप नवा आणला. साखळी लावली.
ती तोडता येते, हे मलाही कळतं.

काल लेकीचा फोन.
बाबा, रात्री तीनला पडवीत उभं राहून
हवेत काय फेकत होता?
दोर टाकतात तसा हात करून, दोनदा?

मी म्हटलं, मी झोपलो होतो गं.
चित्र साफ नसेल.

पाच मेगापिक्सेल आहे बाबा, ती म्हणाली.