दात

अजिंठा चौफुलीच्या पुढे, छाजेडच्या यार्डात
दोन गाड्या. एकाच कंपनीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या,
दोघींच्या टपावर एकच धूळ.
एकीच्या पोटात अडीच लिटरचं जुनं इंजिन,
दोन लाख त्र्याऐंशी हजार चाललेलं.
दुसरीत दोन पॉइंट दोनचं, टर्बो, सेन्सर,
मीटरवर फक्त एक लाख बारा.
"डॉक्टरीणबाई, हीच घ्या," छाजेड म्हणाला, "आवाजच नाही."

आवाजच नाही, हे मला जरा खटकलं.
बावीस वर्षं मी गुरांच्या डाव्या कुशीला कान लावते.
पोट गप्प असलं
की मालकाला आधी चहा ठेवायला सांगते,
मग खरं काय ते.

अकील मिस्त्री भुसावळहून आला, स्कूटरवर,
खिशात एक लांब स्क्रू ड्रायव्हर.
टोक इंजिनवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले.
मग तेलाचं झाकण उघडून त्याने वर तळहात धरला,
जसं मी ताप बघताना नाकपुडीपाशी धरते.
जुनीचा श्वास गरम होता, धापेचा नव्हता.
नवीपाशी तो खाली वाकला
आणि मला ब्रेकच्या पेडलचं रबर दाखवलं:
झिजून झिजून लोखंड दिसत होतं.
"मीटर खोटं बोलस, ताई. पाय नही बोलत."

सावद्याच्या बाजारात मी पाहिल्यात
शिंगं कानशीने घासून तेल चोपडलेल्या म्हशी,
पाचव्या वेताच्या,
दुसऱ्या वेताच्या म्हणून उभ्या केलेल्या.
ओठ वर करून दात बघितले की संपलं.
त्यांचा काही दोष नसतो.
त्या आपल्या रवंथ करत असतात.

तरी नवी चालवून पाहिली.
रेल्वेच्या पुलावर ती अशी चढली
की कोणीतरी मागून हात दिला वाटावं.
जुनी तिसऱ्या गिअरवर कण्हली, काळा धूर सोडला,
एका बुलेटवाल्याने वळून शिवी घातली. ऐकू आली नाही.

वैजापूरच्या पुढे, सातपुड्यात,
रात्री अडीचला पारडू आडवं आलेलं असतं.
तिथे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला
तर लॅपटॉपवाला चोपड्याहून निघणार सकाळी, नाश्ता करून.
जुनीला तेरा नंबरचा पाना पुरतो,
एक तार, आणि कंदील धरायला पोरगा.
पण चढाला ती वीस मिनिटं जास्त घेईल,
आणि वीस मिनिटांत काय काय होतं
हे माझ्या कोपरापर्यंतच्या हाताला माहीत आहे.

यार्डातल्या खुर्चीवर बसून मी बराच वेळ हेच तोलत होते.
छाजेडने दोनदा चहा पाजला.
शेवटी दोन साठला जुनी घेतली.
बरोबर केलं का, हे अजून पक्कं नाही.

सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर पेनाने नंबर होता:
सुपडू तोताराम पाटील, ता. पारोळा.
लावला. त्याने किंमत विचारली नाही, नाव विचारलं नाही.
"सकायले किल्ली अर्धी फिरावा," तो म्हणाला,
"दहा मोजा, मंग सेल मारा. तिले घाई चालस नही."
मग बराच वेळ काहीच नाही. मागे कुठेतरी पंप चालू होता.
"डावं दार उचलीसन लावा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

आता मे आहे. सकाळी सहालाच बॉनेटवर हात ठेववत नाही,
हिटरचं काही काम नाही, अकीलही हसतो.
मी किल्ली अर्धी फिरवते.
एक, दोन, तीन.
सातला येऊन कधी कधी सोडते.