डावी बाजू

माझं काम फक्त टिपण्याचं.
टोलेडोत, नदीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर,
लांबट टेबलाच्या टोकाला बसून
बावीस कळांच्या यंत्रावर
बोललेलं तेवढं उतरवायचं.
खोकला नाही. उसासा नाही.
पाण्याचा ग्लास तिने उजव्या हाताने, अंग वळवून घेतला,
तेही नाही.

साक्षीदार: इर्मा होर्वाथ, वय एक्कावन्न.
व्यवसाय: पियानो सुरात लावणे.
आहे, की होता?
इथेच पहिली हरकत आली.

सिग्नल कोणता होता?
हिरवा.
किती वेळ हिरवा?
पुढची पांढरी व्हॅन चौक ओलांडून गेली, तितका वेळ.
डावीकडे पाहिलंत?
(ती थांबली. थांबणं मी टिपत नाही.)
हिरव्यावर डावीकडे कोण पाहतं?
विमा कंपनीच्या वकिलाने पिवळ्या कागदावर
काहीतरी छोटंसं लिहिलं.
पुढे त्याचेच पंधरा टक्के झाले.

समोरून येतं ते निदान अंगावर येताना दिसतं,
मध्ये बोनेट असतं, इंजिन असतं, हातभर लोखंड.
बाजूने येणाऱ्याला अडवायला एक दार.
दाराच्या खणात छत्री, जुनी पावती,
तारा दाबून धरायचे रबरी तुकडे.
पिकअप दार न वाजवता आत आला.

बरगड्या चार. कमरेचं हाड दोन ठिकाणी.
पानथरी काढून टाकली.
हे सगळं फिल्मवर दिसतं, वाद घालता येतो, आकडा लावता येतो.
आणि काही?
डाव्या कानात वाजतं.
काय वाजतं?
सी. सगळ्यात वरचा, पियानोची शेवटची पट्टी.
जरासा उतरलेला.
अकरा महिने झाले. किल्ली माझ्या हातात आहे
आणि खुंटी सापडत नाही.
याचा काही अहवाल?
नाही.
म्हणजे हे फक्त तुमचं म्हणणं.
म्हणणं नाही, ऐकणं.

मग कुठे दुखतं विचारल्यावर तिने नुसता हात ठेवला.
तिचा वकील घाईने म्हणाला:
नोंद व्हावी, साक्षीदाराने डाव्या कुशीवर हात ठेवला.
दिवसभरात तेवढा एकच हात मला टिपता आला.
त्या कुशीवर ती झोपत नाही, हे कुणी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत, यंत्र बंद असताना,
कोल्बी राइनहार्ट, वय बावीस, छपरांची कामं करणारा,
कॉफीच्या मशीनपाशी तिला म्हणाला,
मला तुमची गाडी दिसलीच नाही हो.
ती म्हणाली, हॉर्न तरी वाजवायचास.
तेवढ्यात दोन्हीकडचे वकील मध्ये येऊन उभे राहिले,
एकेका बाजूने एकेक.

कोर्टात बाजू मांडतात, बाजू घेतात,
एखादी बाजू लंगडी आहे म्हणतात.
मी हा शब्द हजार वेळा उमटवला असेल.
त्या दिवशी ती दारातून बाहेर गेली, काठी टेकत,
आणि मला तो पुन्हा टिपताना बोट अडखळलं.

वसंतात तडजोड झाली.
त्यातून पंधरा टक्के वजा, मग वकिलाचा तिसरा हिस्सा,
मग हॉस्पिटल, मग आरोग्य विम्याने दिलेलं परत.
उरलं त्यात सेकंडहँड गाडी आली, वर थोडे महिने.
याला भरपाई म्हणतात.
जखम भरून येते, पैसे भरून देतात,
क्रियापद एकच, म्हणून गोंधळ होतो.

जूनमध्ये मी तिला फोन केला.
नियमात बसतं का, ते मी मुद्दाम विचारलं नाही.
आईचा पियानो सतरा वर्षं कुणी उघडला नव्हता.
ती आली, खुर्ची उलटीकडे वळवली,
उजवा कान लाकडाला लावला
आणि तीन तास माझ्याशी एक शब्द बोलली नाही.
शेवटची पट्टी तिने दाबली, सोडली,
पुन्हा दाबली. मग झाकण ठेवलं.
ही दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या, म्हणाली,
मला यात कोणता आवाज कुणाचा ते कळत नाही.

बिलात सत्त्याऐंशी पट्ट्यांचेच पैसे लावले होते.