ओल्या डहाळ्या

पहिले अकरा दिवस म्झे म्वाकालिंगाने
स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.
हातात लोखंडी गज दिला, म्हणाला, वाजव.
बावीस टायर, रोज पहाटे.
भरल्या टायरवरून गज उसळून परत येतो,
हवा गेलेल्यावर नुसतं ढब्ब,
ओल्या पिठाच्या पोत्यावर थाप पडावी तसं.
तेराव्याला मी थांबले. परत मारला.
तो पाठमोरा चहा पीत होता.
"ऐकलंस ना," एवढंच म्हणाला.

किटवेला तांबं भरलं.
दाराच्या फळीएवढे पत्रे, गठ्ठे बांधून,
माझ्या गुडघ्याच्याही वर आले नाहीत.
म्हटलं, अर्धी गाडी रिकामीच चालली की.
तो हसला नाही.
"हे रिकामपण तीस टनांचं आहे.
घाटात भेटेल तुला."

तुंडुमाच्या सीमेवर चार दिवस रांग.
मला वाटायचं, ड्रायव्हर म्हणजे चालता माणूस.
ट्रेलरखाली शेगडी, उगाली, सुकी मासळी,
एका शिक्क्यासाठी आधी दुसरा शिक्का,
पुढची गाडी दोन हात सरकली
की झोपेतनं उठून आपणही दोन हात.
पलीकडचा कापेम्ब्वा नावाचा ड्रायव्हर
दर संध्याकाळी विचारायचा, नवरा कुठाय?
टायर बघतोय, म्हणायचे मी.
नवरा कसला! पण गज जवळच असायचा.

मग इरिंगा मागे पडलं आणि कितोंगाचा घाट आला.
"ज्या गिअरात चढली असतीस, त्यातच उतर."
एवढं सांगून त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

पायाला ब्रेक हवा होता, तहान लागावी तसा.
पुढच्या कुणाचा तरी लायनर जळत होता,
तो वास काचेच्या फटीतून आत आला,
आणि पाठीमागे ते तीस टनांचं रिकामपण
माझ्या मानेवर हात ठेवून.
मी पाय मागे घेतला. इंजिनाला ओरडू दिलं.

एका वळणाआधी रस्त्यात डहाळ्या:
एक. दहा पावलांवर दोन. मग झुडूपभर.
"पानं कशी आहेत?" टोपीखालून.
हिरवी.
"म्हणजे आत्ताच. सुकलेली असती तर कालचा."
होता. सिमेंटसकट आडवा झालेला,
आणि ड्रायव्हर कठड्यावर बसून
एक बूट हातात धरून बघत होता.

सपाटीला आल्यावर माझं लक्ष गेलं:
म्झेच्या बाजूला ना ब्रेक ना क्लच,
तरी पायाखालची रबरी चटई
एकाच जागी भोक पडेस्तोवर झिजलेली.
किती जणांना शिकवलंत, मी विचारलं.
तो शेंगा सोलत राहिला.

गोरखचिंचांच्या दरीत, अंधार पडता पडता
आमचाच टायर फुटला. तेरावाच.
डहाळ्या मी तोडल्या, काटे बोटांत मोडले,
अंतर पावलांनी मोजून टाकल्या.
चाक बदललं. दार एस सलाम गाठलं.
समुद्र पाहिला तो बंदराच्या जाळीतून,
पाहिला कमी, हुंगला जास्त.

सोळा दिवसांनी खताची पोती घेऊन परत तीच दरी.
माझ्या डहाळ्या पलीकडच्या कडेला तशाच,
तपकिरी, निम्म्या चुरा झालेल्या.
एक बस त्यांच्यावरून गेली,
वेग जरासुद्धा कमी न करता.

"उचलायच्या राहिल्या," म्झे म्हणाला.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
"अशाने लोक पानांचं ऐकायचे थांबतात."

गाडी बाजूला घेतली. चाकाखाली दगड लावला.
रस्ता ओलांडून वाकले,
पानांचा भुगा ओंजळीत भरू लागले.
एक ट्रक येऊन थबकला, हॉर्न दिला.
मी आधी दोन्हीकडे पाहिलं,
मग त्याला हात केला:
जा, रस्ता मोकळा आहे.