मासे, स्वल्पविराम

मस्सावात पीठ एका रात्रीत वर यायचं,
झाकण ढकलून बाहेर डोकावायचं.
इथे, बूडोत, चौथा दिवस उजाडला
(उजाडला म्हणायचं आपलं, जानेवारीत कसलं उजाडणं)
तरी ते बादलीत गप्प.
परक्या घरी जेवायला बसवलेल्या पाहुण्यासारखं,
मागून घ्यायला लाजणारं.

मी झाकण काढते, हुंगते, परत लावते.
तेफचं पीठ. खसखशीएवढा दाणा
आणि मूठभर मोत्यांएवढा भाव.
दोन पोत्यांचे पैसे अजून देणं आहे
हाम्बुर्गच्या तेकेस्तेला,
तो फोनवर आधी आईची तब्येत विचारतो
मग पैसे.

गाळा आर्नफिनचा.
आधी इथे गळ विकायचे, दोऱ्या, आमिष.
भिंती चार वेळा सोड्यानं घासल्या
तरी ओल धरली की जुनी कोळंबी बोलते.
बोलू दे.
बंदरावर वाढलेल्या बाईला
मासळीचं काय एवढं.

बादली मी रात्री घरी नेते.
बसमध्ये मांडीवर.
ड्रायव्हरनं एकदा विचारलं, बाळ आहे?
भाषा कच्ची माझी,
मी हो म्हणून गेले.
तेव्हापासून तो वळणावर
बस हळू घेतो.

सोमवारी अन्न तपासणीची बाई आली. गुनव्होर.
बुटांवर निळ्या पिशव्या, हातात
सुईसारखा थर्मामीटर.
हे किती वेळ फ्रिजबाहेर?
चार दिवस.
बाहेर म्हणजे कुठे?
मुलाच्या रजईत.
तिनं लिहिलं.
आणि मग काय होतं त्याचं?

मला एकच शब्द येत होता,
दूध नासलं की दुकानात परत करताना
शेजारीण वापरते तो.
तोच म्हटला. अभिमानानं म्हटला.

पेन थांबलं.
माझ्या पोटात दगड.
गाळ्याचं भाडं, तव्याची वायर, पाटीचा रंग,
सगळं त्या एका शब्दावरून
घसरत चाललेलं दिसलं मला.
म्हणून झाकणच काढलं तिच्यासमोर.
बोलून उपयोग नव्हता.

आणि नेमकं तेव्हा
त्या हट्टी पिठानं
एक बुडबुडा सोडला.

गुनव्होर वाकली. हुंगलं तिनं.
मग डोळे मिटून परत हुंगलं,
तपासणीत असं बसत नसावं.
म्हणाली, माझी आजी पिंपात मासे घालायची,
मीठ टाकून, गोठ्याच्या थंड कोपऱ्यात.
तीन महिने.
आम्ही पोरं नाक दाबून पळायचो
आणि नाताळात शेवटच्या तुकड्यावरून
मारामारी करायचो.

तिनं कागद उलटला.
मागे एक रकाना होता, बारीक छपाईत,
पारंपरिक पद्धतीनं आंबवलेले:
आणि पुढे छापलेलं, मासे.
मला वाटलं ती ते खोडेल.
खोडलं नाही.
पुढे स्वल्पविराम दिला
आणि विचारलं,
तुझ्या त्या पदार्थाचं नाव कसं लिहू?

ता-इ-ता, मी म्हटलं. सावकाश.
लेतेब्रहान हे माझं नावही
इथे कुणी एवढं नीट
विचारून लिहिलं नव्हतं.

बुधवारी तवा तापला.
पहिली बिघडली. पहिली बिघडतेच,
ती मी उभ्यानं खाल्ली.
दुसरीवर डोळे उघडले,
आमच्यात त्या छिद्रांना डोळेच म्हणतात,
आधी कडेचे, मग मधले, मग एकदम सगळे,
जणू घरभर झोपलेल्यांना
कुणी चहाला हाक मारली.

गिऱ्हाईक एकच. आर्नफिन.
पैसे देणार का, ते स्पष्ट नव्हतं.
काट्यानं खायला लागला, मग एका हातानं,
मग दोन्ही.
मसुराची आमटी संपली, कोबी संपला,
खालची ताइता संपली.
इकडेतिकडे बघून म्हणाला,
ताट कुठे ठेवू?

ताट तू खाल्लंस, मी म्हटलं.

तो हसला नाही.
मोकळ्या टेबलाकडे बराच वेळ बघत राहिला,
मिशीला लागलेलं तिखट पुसलं
आणि गेला.
भाड्याचं काही बोलला नाही.

पाच तारखेला बोलेल.
आज दोन.