पाठ

नवतपा लागला की काका कूलर बंद करतात.
सगळं लकडगंज खसच्या वासात पडलेलं,
आरा मशीनमागच्या आमच्या खोलीत मात्र
सेहेचाळीस अंश, आणि शेगडीवर
सरसाचा डबा, पाण्याच्या गंजात उभा.

"आता लाकूड खरं बोलते," ते म्हणतात.
"जुलैमंदी चिपकवलं त मेमंदी तडकते.
सुकल्या मापानं बांध. फुगाचं काय,
थे फुगून घेते."

त्यांच्या कमरेला मेडिकलमधून मिळालेला पट्टा,
ओंडके उचलायचे तेव्हापासूनचा.
वाकले की वेल्क्रो कुरकुरतं.

गिटारची पाठ सागाची.
नॅरोगेजच्या डब्यातलं बाकडं, मोतीबागच्या भंगारातून
वजनावर घेतलेलं. त्याची टेकायची फळी
मशीनवर चिरली, पुस्तकासारखी उघडली,
मध्ये सांधा.
किती जणांचा घाम प्यालेलं लाकूड, असं माझ्या मनात येतं.
बोलले तर म्हणतील, घामावर सरस धरत नाही,
अजून खरवड.

खरवडत होते तेव्हाच पॉलिशखालून ती निघाली.
रेवता.
चाकूच्या टोकानं कोरलेली. शेवटचा काना
लांबवर घसरत गेलेला,
तिथं गाडीनं हिसका दिला असणार,
कुहीला, नाहीतर भिवापूरच्या अलीकडे.
तिनंच कोरलं की तिच्यासाठी दुसऱ्या कुणी,
अक्षरावरून कळत नाही.

सांध्यावर आधी पट्टी. देवदाराची, दोन बोटं रुंद,
रेषा सांध्याला आडव्या.
"उभ्याले उभं लावशीन
त दोघंबी संगच फाटतीन."
मग चार दांडे. पोटाला जराशी गोलाई,
खोलगट पाटात सँडपेपरवर घासून घासून आणलेली.
एकेक दांडा पाठीवर टेकवून बल्बपुढे धरायचा,
खालून उजेड निघाला तर परत घासायचा.

तिसरा दांडा नेमका तिच्यावर.
गुण्या लावून मीच आखलेली रेघ
'रे'मधून शिरत होती, 'ता'तून बाहेर.

काकांना दाखवलं.
चष्मा लावला, वाकले, वेल्क्रो.
बोट फिरवत वाचलं, काना संपेपर्यंत बोट गेलं,
त्याच्याही थोडं पुढे.
मग अंगठ्याला थुंकी लावून माझी रेघ पुसली
आणि तीन सूत वर दुसरी मारली.

"आवाज बदलेल, काका."
"बसून हाय थे. उठवू नको."

त्यानंतर बोलायला वेळ नव्हता.
सरस लावला की मिनिटही मिळत नाही,
"थिजून राहिला, हात चालव, हात चालव,"
एक टोक दांड्यावर, एक वरच्या फळीला,
मध्ये वाकवलेली बांबूची कामटी,
अशा बावीस कामट्या,
सगळ्या सुटायला टपलेल्या.
कडेनं सरसाचे मणी आले ते गरम फडक्यानं पुसले.
एक ओघळ 'व'च्या पोटात उतरला होता,
तो उदबत्तीच्या काडीनं काढला.

रात्री दोनला एक कामटी उडाली, पत्र्यावर आपटली.
काका खाली फळीवर झोपतात, कमरेसाठी.
डोळे न उघडता म्हणाले, "कोनती?"
"चौथ्याची. टोकाची."
"लाव."

हे गिटार सदरच्या एका पोराचं. अजून त्यानं पाहिलेलंही नाही.
पेटी बंद झाल्यावर त्यानं भोकातून डोकावलं
तर त्याला पट्टी दिसेल, तिच्यावर पेन्सिलनं लिहिलेली तारीख,
आणि मान फारच तिरपी केली
तर डावीकडे, दांड्याच्या सावलीत,
नुसता एक घसरलेला काना.
ओरखडा आहे, असं म्हणून तो पैसे कमी करायला सांगेल.

सकाळी कामट्या काढल्या.
पाठ उचलली, एका बाजूनं मी, एका बाजूनं काका,
त्यांनी बोट मुडपून टकटक केली
आणि तेवढ्यात बाजूच्या मशीननं ओंडका घेतला.

मशीन थांबेपर्यंत
आम्ही ती दोघांच्या मध्ये धरून
तसेच उभे.