खालचा कप्पा

शिरकोळ फाट्याला उतरवून बस निघून गेली
आणि मागं राहिलो लाल धूळ, तवनाप्पा, मी.
त्याच्या पिशवीत चार भाकऱ्या, कर्डीची चटणी;
माझ्याकडं एक नकाशा, मीच कधीतरी ट्रेस केलेला,
भूमापनच्या कचेरीत, करकरत्या पंख्याखाली,
कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवून.
एकतीस वर्षं हा मुलूख मी टाकानं ओलांडला.
पायांनी आज पहिल्यांदा.

फाट्यावरच्या दगडावर गावाचं नाव दोन लिप्यांत.
एकीवर डांबर. कुणीतरी ते खरवडलंय,
कुणीतरी पुन्हा फासलंय.
तवनाप्पा घरात कन्नड बोलतो, बाजारात मराठी,
आणि दम लागला की कुठलीच नाही.
म्हणाला, चला,
गाव काही दगडाला विचारून वसलेलं नाही.

भात कापून झालंय. धसकटांतून मसूर उगवलाय, बोटभर.
बांधावरून बांधावर जाताना
वरच्या गडाचा एक बुरूज आमच्याबरोबर चालतो,
वळणावर मागं पडतो, मग पुन्हा पुढ्यात.
इथं कोण कुणाशी लढलं?
प्रत्येक वाडी वेगळं सैन्य सांगते.
एकीत आदिलशाही, एकीत पेशवे, एकीत गोरे.
एक म्हातारा म्हणाला, रेडे. दोन रेडे.
तेवढी लढाई त्यानं स्वतः बघितलेली.

शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी:
या गावातून एकोणीस इसम महायुद्धावर गेले.
पैकी चौघे कामी आले.
नावं नाहीत.
आमच्या कचेरीत याहून बारीक नोंद असे,
बांधावरची बाभळ कुणाची,
विहिरीत कुणाचा हिस्सा किती आणे.
पाटीखाली नळ. पोरं डबे धुतात,
शिंतोडे उडून 'चौघे'वर हिरवट ओघळ आलाय.

मग परत आलेल्या पंधरांचं काय झालं?
ओमाण्णा मुचंडीकरांनी हात लांब केला.
ती पट्टी दिसते का, आंब्याच्या खालची?
तिला बसरा म्हणतात.
आज्जाच्या बापानं पेन्शनीतून घेतली.
यंदा बसऱ्यात रताळी लावलीत.
काल बसऱ्यात डुकरं शिरली.
उद्या बसऱ्याला पाणी सोडायचंय.
माझ्या नकाशावर तिथं एक नंबर, तिरकी रेघ, आणि दोन.

बसऱ्याच्याच बांधात वीरगळ उभा आहे,
जरा कललेला, म्हशीनं अंग घासून घासून
एका कडेनं आरशासारखा झालेला.
वर चंद्र, सूर्य. त्याखाली पिंडी,
पिंडीपुढं हात जोडून बसलेला माणूस,
आणखी खाली त्यालाच दोन्ही बगलांत धरून
अप्सरा नेताहेत वर.
मग माती.

मी गुडघे टेकले.
काठीनं उकरलं, मग हातानंच.
एका घोड्याचे कान लागले, तलवारीचं टोक असावं,
की कुणाचं कोपर?
तवनाप्पा उगाच लांब बघत उभा.
ओमाण्णांनी मला थांबवलं नाही लगेच.
पाटाची मोरी बंद करून आले, हात पुसले, मग म्हणाले,
ऱ्हाऊ दे हो बाई. खाली लढाईच हाय की.

दर पावसाळ्यात बोटभर आत जातोय तो, म्हणाले,
बांध वर चढतो.
आम्ही काढत न्हाई.

भाकऱ्या आम्ही तिथंच खाल्ल्या, आंब्याखाली, तिघांत चार.
चौथीचे तुकडे करताना तवनाप्पानं
एक तुकडा दगडापाशी ठेवला की सांडला,
मी विचारलं नाही. म्हशीनं तो खाल्ला.

परतीची बस पाऊण तास उशिरा आली.
गडावरची कुठलीशी काच की पत्रा चमकत होता
तो बुडत्या उन्हानं सोडून दिला.
रात्री न्हाणीघरात नखं घासली, ब्रशनं, साबणानं.
उजव्या करंगळीतली माती निघाली नाही.