नीळ दिसली की

मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला,
रोन्सेतल्या बंद सूतगिरणीच्या रंगखात्यात
आम्ही नऊ जण माती मळतो.
वॅनस बेकरीवाला सगळ्यांआधी उरकतो,
त्याच्या हाताखाली मातीसुद्धा फुगेल असं वाटतं.
माझा हात प्लास्टरचा.
एकतीस वर्षं इस्पितळात मोडकी हाडं
सरळ करून पांढऱ्यात गुंडाळत आलो :
सायकलवरून पडलेली मनगटं,
बर्फावर घसरलेले घोटे,
एकदा एका पाद्र्याचा अंगठा,
तो कसा मोडला हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मधोमध फिरता पाट, पाटावर ऑर्टान्सबाई.
वय एकाहत्तर. पायाशी विजेची शेगडी,
तरी मांड्यांवर काटा.
याच खोलीत, तिसऱ्या खिडकीखाली,
चौतीस वर्षं तिनं कढईतून
सुताच्या ओल्या लडी उचलल्या, खांद्यावर टाकल्या.
आता वीस मिनिटं नुसतं उभं राहायचे पैसे मिळतात
याचं तिला अजून हसू येतं.

ॲनलोर, आमची शिक्षिका, म्हणते,
नाकडोळे राहू द्या.
भार कुठल्या पायावर आहे ते सांगा.
गळ्याच्या खळीपाशी ती ओळंबा धरते,
दोरा पोटावरून, गुडघ्याजवळून
उजव्या घोट्याशी येऊन थांबतो.
एवढीशी गोष्ट
मला दिसायला तीन आठवडे लागले.

मग सांगाड्याच्या तारेवर माझी ऑर्टान्स उभी राहिली,
हातभर उंच, ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत.
ॲनलोरनं पाटाला एक फेरी मारली
आणि माती कापायच्या तारेनं
उजवा खांदा चीजसारखा उतरवला.
‘हिला बरं केलंस तू.
मी बघायला सांगितलं होतं.’

राग आला. बाहेर जाऊन सिगारेट ओढली.
परत आलो तर ऑर्टान्सबाई गाऊन गुंडाळून
माझ्या स्टँडसमोर, बिस्किट खात.
‘खाली घे,’ म्हणाली. मी माती लावली.
‘अजून.’
एवढा खाली?
‘पगाराच्या दिवशी याहून.’

साच्याचा पहिला थर पातळ, त्यात नीळ,
आईच्या चादरींना असायची तीच.
वरचा थर जाड, पांढरा.
नीळ म्हणजे ताकीद :
फोडताना ती दिसली की हात आवर,
पलीकडे माणूस आहे.
साचा उघडला, माती ओरबाडून काढली.
तिचे गुडघे, तिचं पोट, नखात अडकलेला कान
सगळं परत पिंपात गेलं.
लिझलोट त्यातून आता घोड्यावरचा पोरगा करते आहे.

पोकळीत साबणाचं पाणी, मग प्लास्टर ओतलं
आणि साच्यावर तळहात ठेवून बसलो.
ही ऊब माझ्या ओळखीची.
हे गरम का होतंय, असं सगळे विचारतात,
घाबरून, नेमकं याच वेळी.
मी सांगत आलो : धरतंय ते आता.
या वेळी विचारणारं कोणी नव्हतं.

छिन्नी. पांढरं, पांढरं, निळं.
थांबलो. श्वास. पुन्हा.
पाठ निघाली, कंबर निघाली,
आणि खांद्यावर
नीळ दिसूनही हात आवरला नाही.
नखाएवढा टवका फरशीवर.

ऑर्टान्सबाई कोट घालून निघालीच होती.
मागे वळली, चष्मा लावला,
त्या खळग्यात अंगठा टेकवला.
‘लड इथेच बसायची,’ म्हणाली,
आणि बसची वेळ झाली म्हणून गेली.

ॲनलोरनं विचारलं, भरतोस ना?
हातात वाटी होती, प्लास्टर कालवलेलं,
भरायला दोन मिनिटं पुरली असती.
मी वाटी धरून उभा,
एका पायावर भार टाकून,
आणि वाटी हळूहळू गरम होत गेली.